मागे उभी राहणारी

प्रिय पॉलीन,

'प्रिय' वाचून हुरळून जाऊ नकोस. शाळेत सिस्टर अल्फॉन्सस आपल्याला सांगायच्या, पत्र बिशपला लिहा, बँकेला लिहा नाहीतर वैऱ्याला लिहा, सुरुवात 'प्रिय'नेच करायची. मनातलं काय असेल ते पुढच्या ओळीत. तर पुढच्या ओळीत हे: पाकिटावरचं तुझं अक्षर मी लांबूनच ओळखलं आणि पत्र न फोडता पावाच्या डब्यामागे ठेवून दिलं. रोज सकाळी टोस्ट करताना ते दिसायचं आणि रोज माझा टोस्ट करपायचा. शेवटी रविवारी, मिसाहून आल्यावर, टोपीही न काढता फोडलं. चर्चमधून आलेलं माणूस जरा तरी माणुसकीनं वाचेल, असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही.

डेस्मंडची, म्हणजे एकेकाळच्या माझ्या नवऱ्याची, रक्षा तुझ्याकडे आहे. ती आपण सुट्टीला जायचो त्या प्रिचर्डच्या शेताच्या टोकाला, कड्यावरून समुद्रात सोडावी अशी त्याची इच्छा होती. तुला ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात यायचं आहे, म्हणजे दरवर्षी मी तिथे असते त्या माझ्या आठवड्यात, आणि मी नको म्हटलं तर तू येणार नाहीस. रक्षा अशी वाऱ्यावर सोडलेली चर्चला चालत नाही, हे तुलाही ठाऊक आहे; पण चर्चला काय चालतं याचा विचार तुम्ही दोघांनी कधी केला होता? शेत प्रिचर्डचं आहे. त्याला विचारलं असतंस तर त्यानं पाइप तोंडातून न काढता 'या की' म्हटलं असतं. तू त्याला विचारलं नाहीस, मला विचारलंस. याचाच मला सगळ्यात जास्त राग आला. परवानगी मागून माणूस समोरच्याला किती अडचणीत टाकतो, ते तुला शाळेपासून चांगलं ठाऊक आहे.

उत्तर देईन, पण शेवटी. आधी ऐकून घे. तुम्ही दोघं प्रेस्टन सोडून गेलात तेव्हा मी एक शब्द बोलले नव्हते. सगळ्यांना वाटलं, विनिफ्रेड किती शालीन, नन्सनी काय वळण लावलंय! वळण कसलं, घसा बसला होता.

पहिलं वर्ष आठवतं तुला? दोन्ही कारव्हॅन, गाडीमागे ओढायची ती चाकांवरची घरं, नव्या, म्हणजे दुसऱ्याच्या वापरून झालेल्या. तुमची पिवळी, आमची पांढरी. वेल्सच्या त्या अरुंद गल्ल्यांतून दोन्ही बाजूंच्या कुंपणांना घासत आपण निघालो. मागून तुझा केन सारखा हॉर्न वाजवत होता आणि डेस्मंड म्हणत होता, "वाजव लेका, वाजव, मोठा ड्रायव्हर लागून गेलास!" शेतात पोचल्यावर कळलं, की आमच्या कारव्हॅनचे मागचे दोन टेकू उचलायला डेस्मंड विसरला होता आणि ते आम्ही रस्ताभर फरफटत आणले होते. केन बिचारा हॉर्न वाजवून तेच सांगत होता. त्यावर डेस्मंड काय म्हणाला? "विन, तू बघायला नको होतंस?" मी पुढच्या सीटवर होते, पॉलीन. मांडीवर ब्रिजिट आणि ब्रिजिटची उलटी.

तरी काय ते दिवस होते! तुझा राग करायला बसले, तरी पेन तिकडेच वळतं. दोन कारव्हॅन दारासमोर दार करून लावलेल्या आणि मधे दोन्ही कापडी ओसऱ्या जोडून केलेली आपली मोठी खोली. ओल्या टॉवेलांचा आणि बेकनचा वास. पाण्याचं पिंप गवतावरून लोळवत आणताना पोरांची भांडणं. वादळात ओसरी उडायला लागली तेव्हा केन बनियन-चड्डीवर खांब धरून जहाजाच्या कप्तानासारखा उभा, आणि तू आतून ओरडतेयस, "केनेथ, निदान पँट तरी घाल, शेजारी सोवळे मेथडिस्ट आहेत!" रविवारी गावच्या हॉलमध्ये मिसा, आणि गुडघे टेकले की प्रत्येकाच्या बुटातून पडणारी वाळू. संडासाची बादली घेऊन डेस्मंड उतारावर घसरला तो दिवस तर पोरं अजून सणासारखा साजरा करतात. आपण दोघी ओसरीत तोंडात रुमाल कोंबून हसत होतो. हसू दाबायचं कसं, हे आपल्याला चॅपलमध्येच शिकायला मिळालं होतं. नन्सची तेवढी एक विद्या जन्मभर उपयोगी पडली.

पण दरवर्षीचा पहिला अर्धा तास मला नकोसा व्हायचा. कारव्हॅन पुढे ओढायला कुणालाही जमतं. ती मागे घेताना माणूस कळतो. शेताचा रिवाज तुला सांगायला नको. नवीन गाडी फाटकातून आत आली की सगळे चहाचे मग घेऊन आपापल्या दारात येऊन उभे राहतात. बोलत कुणीच नाही, नुसतं बघतात. आणि बायकोनं मागे उभं राहायचं, पावसात, हात हलवत. डेस्मंड चाक उजवीकडे फिरवायचा की कारव्हॅन डावीकडे जायची, आणि दोष माझ्या हाताला. "हात आहेत की पवनचक्की?" "अगं, जरा तरी डोकं चालव!" "त्या नन्सनी तुला काही शिकवलं का गं, गुडघे टेकण्याशिवाय?" सगळं शेत ऐकायचं. मला तो आरशात दिसायचा, नुसते डोळे आणि भुवया. कारव्हॅन एकदाची कोपऱ्यात बसली की तो उतरून चाकं बघायचा, आकाश बघायचा, सगळं बघायचा. माझ्याकडे बघायचा नाही. मग तू चहा घेऊन यायचीस आणि माझ्या कानात म्हणायचीस, "पुढच्या वर्षी गाडी तू चालव आणि त्यालाच चाकाखाली घे." आणि माझा सगळा राग उतरायचा. एवढी वर्षं तो राग उतरवायचं काम तुझ्याकडे होतं. तू गेल्यावर ते काम कुणी करायचं, याचा विचार केलास कधी?

केन गेला त्या हिवाळ्यात तू कारव्हॅन विकलीस. ऑगस्ट आला तेव्हा मीच तुझ्या दारात उभी राहिले: चल, आमच्या ओसरीत तुझी कॉट टाकू, एकटी घरात बसून काय करणार आहेस? डेस्मंड तर कुरकुरला होता, "तिसरं माणूस कशाला?" म्हणून. हे लक्षात ठेव. तुला तिथे मी नेलं होतं.

आणि त्याच्या पुढच्या वर्षी माझी कंबर धरली. फाटकातून आत आलो, पाऊस भुरभुरत होता, चहाचे मग घेऊन लोक दारात आले होते. तू म्हणालीस, "विन, तू बस, मी उभी राहते मागे." तुझ्या हातात भांडी पुसायचं माझंच फडकं होतं, निळ्या काठाचं. तू ते एकदा वर केलंस, एकदा बाजूला केलंस, आणि कारव्हॅन लोणी कापल्यासारखी कोपऱ्यात जाऊन बसली. एका झटक्यात. शेतानं टाळ्या वाजवल्या. डेस्मंडनं काच खाली केली, मान बाहेर काढली, आणि आवाज जराही न चढवता म्हणाला, "थँक्यू, पॉल." पॉलीनचं पॉल, बस, एवढंच. मी पुढच्या सीटवर बिस्किटांचा डबा मांडीवर घेऊन बसले होते. इतर बायका नवऱ्याच्या कोटाच्या खिशात चिठ्ठीबिठ्ठी पकडतात. मी एक सरळ लावलेली कारव्हॅन पकडली. त्या दिवशी संध्याकाळी आपण शिंपले उकडले, पत्ते खेळलो, तू माझ्या कमरेला बाम चोळून दिलास. तुझे हात नेहमीसारखेच गरम होते. मला वाटलं, आता सांगशील. नाही सांगितलंस. नाताळात सांगितलंस, तेही त्याच्याकरवी.

लोकांना वाटलं, नवरा सोडून गेला म्हणून मी वाळले. ब्रिजिटला अजून तसंच वाटतं. खरं सांगते, आणि तुला सांगते याची मला लाजच वाटते: डेस्मंड गेला तेव्हा घरातला आवाज गेला, आणि मी पहिल्यांदा खिडक्या उघड्या टाकून झोपले. त्याचं मला काही वाटलं नाही. पण पुढच्या ऑगस्टमध्ये शेजारच्या जागेवर लीड्सचं एक जोडपं आलं. त्यातली बाई नवऱ्याला म्हणाली, "रोनल्ड, तो नकाशा नाही, माझा स्कार्फ आहे," आणि मी हसायला म्हणून मान वळवली. समोर फक्त दोरीवरचे कपडे होते. नवरे काय, बऱ्याच जणींचे जातात. अकराव्या वर्षापासून जिच्या शेजारच्या बाकावर बसले, तिला न्यायचा त्याला काय अधिकार होता? आणि तुला जायचा? हे मी तुला कधीच माफ करणार नाही. त्याला केलं. चर्चमध्ये मेणबत्ती लावली, डोळे मिटले, सुटलं. तुझ्या नावाची मेणबत्ती दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा परत ठेवली.

आता बातमी. इतकी वर्षं कारव्हॅन माझा मुलगा जेरार्ड ओढायचा. तो वसंतात बायको-मुलांसह हॅलिफॅक्सला, कॅनडात गेला. ब्रिजिट म्हणते, "आई, विकून टाक ते खोकं, आपण हॉटेलात राहू, तिथे गरम पाणी असतं." ती मुलांना घेऊन रविवारी येईल, पण ओढायला तिची छोटी गाडी पुरत नाही. तिचा आग्रह असा, की यंदा कारव्हॅन वेळेवर जागेवर लागली नाही, तर प्रिचर्डला निरोप द्यायचा, जागा सोडायची आणि विषय संपवायचा. म्हणून मी ओढायला शिकले. हसू नकोस. जुन्या विमानतळाच्या धावपट्टीवर टीना नावाची एक दांडगी बाई शिकवते. पुढे जाताना मला काही अडचण नाही. मागे येताना मी तिचे सगळे प्लास्टिकचे शंकू आडवे केले. ती म्हणाली, "अहो बाई, पुढे जाताना तुम्ही राणी आहात, पण मागे येताना देवच वाली. एक करा, मागे कुणीतरी उभं करा, आरशात ते दिसेनासं झालं की थांबायचं; पण माणूस तुमच्या भरवशाचं हवं." भरवशाचं! मी तिथेच गाडीत बसून एवढी हसले, की तिला वाटलं मला काही झालं. रुमाल तोंडात कोंबायला शेजारी कुणी नव्हतं, म्हणून मोठ्यानं हसले.

तर हे उत्तर. हो म्हणते, पण तुझ्यासाठी नाही, आणि त्याच्यासाठी तर नाहीच. त्याची रक्षा सोमवारी वाऱ्याची दिशा बघून सोड. नाहीतर जन्मभर जसा माझ्या तोंडावर यायचा तसा यायचा. मी कड्यापर्यंत येणार नाही. लांबून, चहाचा मग घेऊन बघेन, शेताच्या रिवाजाप्रमाणे. पण त्याआधी शनिवारी दुपारी तू फाटकाशी हजर असायला हवंस. कोपऱ्यातली जागा तीच आहे, डावीकडचं झुडपांचं कुंपण वाढून आणखी पुढे आलंय. पाऊस असेल, रेनकोट आण. निळ्या काठाचं फडकं मी आणते, अजून आहे. सगळं शेत दारात येऊन उभं राहील, आणि मी ओरडणार आहे, पॉलीन. 'हात आहेत की पवनचक्की' पासून जे जे मी त्या पावसात ऐकलं, ते सगळं तुला ऐकवणार आहे, थेट समुद्रापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, आणि तू एका शब्दानंही उत्तर द्यायचं नाहीस. फक्त एवढं कर, आरशात मला दिसशील अशी उभी राहा. दिसली नाहीस, तर मला थांबावं लागेल.

तुझीच, असं लिहायचं वळण आहे म्हणून,
विन