रिकामा खिळा

४ फेब्रुवारी

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. माझ्या मागच्या पत्रातल्या चुका तुम्ही लाल शाईने दुरुस्त करून सोबत पाठवल्यात, त्याही पोचल्या. सरकारी छापखान्यातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा प्रुफं तपासणारा हात काही गप्प बसत नाही. निदान लेकीच्या पत्राला तरी सुट्टी द्या.

इथे नेहमीचंच चाललंय. सात मजल्यांची इमारत, मजल्यागणिक वेगळं सरकारी खातं, आणि आग लागो की कुणी माथेफिरू आत शिरो, जबाबदारी माझी. तोंडावर मला बाई म्हणतात आणि पाठ वळली की शिट्टीबाई. गेल्या आठवड्यात आगीचा सराव घेतला. लोकांना जिना उतरणं जड जात नाही, हातातलं काम अर्धं टाकून उठणं जड जातं. एकाने तर सांगितलं, एवढी बेरीज संपवतो, मग सावकाश जळतो. त्याला मी बखोटीला धरून बाहेर काढलं.

म्हणून आता जोडीचा नियम केलाय. शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा दंड धरायचा आणि मगच दाराकडे वळायचं. समोर कामाला आलेला पाहुणा असेल तर त्याचा दंड धरायचा, मग त्याच्याशी भांडण का चालू असेना. शिवाय फाटकावर एक फळी ठोकून घेतलीय. तिच्या खिळ्यांवर मजल्यांप्रमाणे पाहुण्यांचे लाल बिल्ले टांगलेले असतात. आत जाताना बिल्ला घ्यायचा, बाहेर पडताना त्याच खिळ्याला लावायचा. खिळा रिकामा म्हणजे माणूस आत. साहेबांना मात्र हा सगळा पोरखेळ वाटतो. सरावापायी आणखी एकदा काम खोळंबलं तर सराव कायमचे बंद, असं त्यांनी बजावलंय.

एकदा येऊन बघा ना अण्णा. आणि माझे काळे बूट चांभाराकडून आले असतील तर ठेवून द्या. जिने चढून चढून इथल्या जोडाचे तळ पार गेलेत.

लोभ आहेच, तो तुमच्या गुडघ्यांसारखा कुरकुरू नये, एवढंच मागणं.

तुमची,
ठमू


११ फेब्रुवारी

चि. ठमूस,
अ. उ. आ.

तुझ्या पत्रात या खेपेला एकच चूक निघाली. कुठली ते सांगत नाही, रात्रभर शोधत बस.

परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, लेक नक्की करते काय. मी म्हटलं, भल्याभल्यांना खुर्चीतून उठवते. त्यांना ते फार मोठं पद वाटलं. मला मात्र खरंच एक विचारायचं होतं. ज्या कामाचं फळ म्हणजे काहीही न घडणं, ते काम माणूस रोज उत्साहाने करतो कसं? आमचंही तसंच होतं म्हणा. पुस्तकात चूक राहिली नाही तर प्रुफं तपासणारा कुणाच्या खिजगणतीत नसतो. पण आमच्या चुकीने कुणी मरत नव्हतं.

साहेबांशी वाद घालताना जरा सबुरीने घे. पण आवाज मात्र चढाच ठेव. तू ओरडत असलीस की मी निर्धास्त असतो.

मी तिकडे येणं कठीण. तुझ्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर माझ्या पेन्शनचं खातं आहे, आणि तिथल्या त्या जाड चष्मेवाल्या कारकुनाचं तोंड आठवलं की माझं डोकं उठतं. बूट आले. चांभाराने तळ असे दणकट बसवलेत की आता इमारत झिजेल.

जेवणखाण वेळेवर कर. आशीर्वाद आहेतच, ते पोस्टाच्या भरवशावर नाहीत.

तुझा,
अण्णा


२ मार्च

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून काकूंकडे निरोप ठेवला होता. मी सुखरूप आहे. आधी तेवढं वाचून पाणी प्या.

तळघरातल्या विजेच्या खोलीने पेट घेतला. वीज गेली, कॅमेरे बंद पडले, दोनपैकी एका जिन्यात धूर शिरला. बॅटरीवरचा लाउडस्पीकर तेवढा चालू होता. मी माइक हातात घेतला, आणि अण्णा, ‘आग’ हा शब्द मी उच्चारलाच नाही. एकच जिना शिल्लक होता. वरून सगळे एकदम धावले असते तर आगीच्या आधी जिन्यानेच माणसं मारली असती. मी काय बोलले ते आता नीट आठवत नाही. खाली या, असंच काहीतरी.

मग मी जिन्याच्या पायथ्याशी टॉर्च घेऊन उभी राहिले आणि जे पाहिलं त्याने अजून माझं मन भरून येतं. अख्खी इमारत खाली उतरत होती. एकमेकांचे दंड धरून, कुरकुरत, मला शिव्या घालत. सरावच आहे असं समजून. कुणीतरी म्हणालंसुद्धा, की शिट्टीबाईंनी या खेपेला धूरही मागवलाय. आणि सगळे हसले. हसत हसत माझ्यासमोरून माणसं जात होती, गरोदर बाई, काठीवाला लेखापाल, सगळी, आणि कुणी कुणाचा हात सोडत नव्हतं. इतकी वर्षं मी ज्यांना हेकट आणि आळशी म्हणत आले, तीच ही माणसं. मला त्या क्षणी सगळ्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

आवारात आल्यावर त्यांनी मागे वळून तळघराच्या झरोक्यांतल्या ज्वाळा पाहिल्या, तेव्हा कुठे हसू थांबलं. साहेबांनी सफाईवाल्या मावशींचा दंड धरला होता. तो त्यांनी बराच वेळ सोडलाच नाही.

इथवर सगळं चांगलं. पण फळीवर एक खिळा रिकामा होता. पाचव्या मजल्याचा. फाटकावरचा पहारेकरी बदलीवर आलेला. त्याला एवढंच आठवलं की एक वयस्कर गृहस्थ होते, हातात कापडी पिशवी. पाहुण्यांच्या नावांची वही बंबाच्या पाण्यात भिजून लगदा झाली. बाहेर पडलेल्याने परत आत जायचं नाही, हा माझाच नियम. तो मोडून मी बंबवाल्यांबरोबर वर गेले, कारण त्यांना खोल्या ठाऊक नव्हत्या. तोंडाला ओला रुमाल बांधून प्रत्येक टेबलाखाली वाकून पाहिलं. काका, आवाज द्या, म्हणून ओरडत राहिले. कुणी नव्हतं. पाचव्या मजल्यावरच्यांना विचारलं, पण पेन्शनसाठी येणारे सगळेच वयस्कर आणि पिशवीवाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधलं. कुणी नाही.

साहेब आता माझ्याशी फार आदराने बोलतात. ते म्हणतात, म्हातारा बिल्ला खिशात घालून घरी गेला असेल, तुम्ही अहवालावर सही करा की सर्व जण बाहेर आले. माझा हात उठत नाही. मी आग म्हटलं असतं तर तो माणूस घाईने उठला असता का? माझं गोड बोलणं त्याला कळलंच नसेल का? डोळे मिटले की तो खिळा दिसतो. तुम्ही सांगा, मी चुकले का?

या खेपेला शुद्धलेखन बघू नका.

तुमची,
ठमू


६ मार्च

चि. ठमूस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

पाकिटात लाल बिल्ला आहे. आधी तो हातात घे, मग पुढे वाच.

तो म्हातारा मीच. तुझे बूट पिशवीत घालून तुला चकित करायला आलो होतो. म्हटलं, आधी पेन्शनचं काम उरकावं, मग खाली तुझ्या खोलीत जाऊन बसावं. चष्मेवाल्याशी माझी सहीवरून चांगलीच जुंपली होती, तेवढ्यात तुझा आवाज आला: “मंडळी, जरा खाली येता का?”

सगळे कुरकुरत उठले. मी मात्र गार पडलो. पोरी, तू असं आयुष्यात एकदाच बोलली आहेस. पहिलीत होतीस. स्वयंपाकघरात पडद्याने पेट घेतला होता आणि तू बाहेर येऊन माझ्या खुर्चीशी उभी राहिलीस आणि अगदी हळू, पाहुण्यासारखं म्हणालीस, अण्णा, जरा आत येता का. चिडलीस की तू ओरडतेस. जिवाला घाबरलीस की इतकी आर्जवी होतेस. तेव्हा तुझं बोलणं कळलं नाही असं म्हणू नकोस. त्या इमारतीत ते मला एकट्याला पुरतं कळलं होतं.

चष्मेवाल्याने भांडणाचं वाक्य अर्धं सोडलं आणि माझा दंड धरला. उतरताना दर पायरीला तो मला सावकाश म्हणत होता. धुराचा विनोद झाला तेव्हा मीही हसलो, कारण मी हसलो नसतो तर त्याला शंका आली असती. आजूबाजूला एवढी माणसं, आणि सगळी माझ्या लेकीच्या एका शब्दावर मरणाच्या तोंडातून टंगळमंगळ करत बाहेर चाललेली. मी थक्क झालो, ठमू. अभिमान वाटला म्हणावं तर तो शब्द तोकडा पडतो. मला तुझी भीतीच वाटली, मोठ्या माणसाची वाटते तशी.

पायथ्याशी तू टॉर्च घेऊन उभी होतीस. मी हातभर अंतरावरून गेलो. हाक मारली नाही. त्या वेळी तुला बाप असून चालणार नव्हतं. तुझी नजर फिरायला नको म्हणून मान खाली घालून फाटकाबाहेर पडलो आणि बस पकडली. बिल्ला कोटाखाली तसाच राहिला. जन्मभर लोकांचे सुटलेले काने-मात्रे पकडले, आणि तुझ्या फळीसमोरून आंधळ्यासारखा निघून गेलो.

त्यापायी तू परत वर गेलीस, हे वाचलं आणि पत्र तसंच टाकून काकूंचं दार गाठलं. काकूंनी पाणी दिलं. याहून जास्त मला लिहवत नाही. तू चुकली नाहीस. खुशाल सही कर.

आशीर्वाद देणारा हात आज लाल शाईला शिवला नाही, तो तुझ्या डोक्यावरच आहे.

तुझा,
अण्णा

ता. क. सामान टाकून निघायचं असतं हे चष्मेवाल्याने सांगितलं होतं. बूट सोडवेनात.


१० मार्च

ती. अण्णांस,
सा. न. करते, पण आधी भांडते.

तुमचं पत्र वाचून मी खोलीचं दार लावून घेतलं आणि एकटीच तुमच्यावर ओरडले. मग रडले. मग चष्मेवाल्याला वर जाऊन विचारलं. तो म्हणाला, आजोबा भांडखोर आहेत पण पायरी नीट उतरतात.

तुम्ही हाक मारली नाहीत हे बरं केलंत, असं लिहायला मला दोन दिवस लागले. तुम्ही वर आहात हे ठाऊक असतं तर मी माइक टाकून पाचव्या मजल्यावर धावले असते. इतरांचं काय झालं असतं ते मला विचारायचं धैर्य नाही. आणि टेबलाखाली वाकून वाकून मी तुम्हालाच शोधत होते, हेही ठाऊक नव्हतं म्हणूनच माझ्या तोंडून हाक निघाली.

बिल्ला या पत्रासोबत परत पाठवते आहे. पोस्टाने आलेला बिल्ला आमच्याकडे चालत नाही. ज्याने नेला त्याने फाटकावर येऊन स्वतःच्या हाताने लावायचा, हा नियम आहे, आणि या वेळी मी तो मोडणार नाही. साहेबांना सांगितलंय, पाहुणा सापडलाय, पण अजून बाहेर आलेला नाही. तोवर सही होणार नाही. तेही बरं म्हणाले.

बूट घेऊन या. गुडघे दुखत असतील तर मी बसपाशी येईन. दिवसा माझा आवाज अगदी ठणठणीत असतो, सगळ्यांवर ओरडते. घरी आलं की मात्र तो धूर आठवतो.

खिळा रिकामा ठेवलाय. अण्णा, जरा येता का?

तुमची,
ठमू