पान्यांची सुट्टी

आप्पा, शुद्धलेखनाला हसू नका. मी नववीतनं शाळा सोडलो, अन मोबाईलवर एका बोटानं लिवायलोय. दुसऱ्या हाताची बोटं अजून नीट वळत न्हाईत. का वळत न्हाईत तेच सांगायला बसलोय.

तुमी गेलासा तवा मी चौथीत होतो. आता मी गाडी पळवतो. जुन्या गाडीच्या सीटा काढायच्या, आत लोखंडी पाइपांचा पिंजरा मारायचा अन माळावर मातीत शर्यत लावायची. मला आवडतं, कारण गाडीत कुणासंगं बोलावं लागत न्हाय. गाडीचं काम अण्णा बघतोय. उद्यमबागेच्या कारखान्यात तुमच्या हाताखाली शिकलेला, तोच. आता पिरनवाडीत त्याचं गॅरेज हाय. पण आपल्या दारात आला की तुमचेच पाने घेतो, म्हणतो हातात बसत्यात.

गेल्या दसऱ्याला निपाणीजवळ शर्यत होती. वळणावर स्टेअरिंग फिरवलो तर ते मोकळंच फिरलं, हाताला काय लागलंच न्हाय. गाडी बांधावर चढली अन उलथी-पालथी होत खाली गेली. पाय मोडला, हात मोडला, पिंजऱ्यामुळं जीव राहिला. स्टेअरिंग चाकाला जोडणाऱ्या रॉडचा नट गळून पडलता. नट सुटू नये म्हणून त्यात पिन घालत्यात, ती पिनच नव्हती. म्हंजे कुणी घातली न्हाय, न्हायतर काढली.

दवाखान्यात पडून दुसरा इचारच न्हाय. अण्णा त्याच महिन्यात निपाणीच्या एका गाडीचं बी काम धरलता, अन त्या दिवशी तीच गाडी पहिली आली. माझ्या मोबाईलवर शर्यतीच्या आधी त्याचे लागोपाठ मिस कॉल. मी फोन उचलत न्हाय, मला लाज वाटते, हे त्याला ठाऊक हाय. मग एवढे कॉल कशाला? आधीच काय ठाऊक असल्याबिगर? भेटायला आला तर दारातच उभा राहिला, खाली मान घालून. शहाळं आणलता, मी ते पिलो न्हाय. शेजारचा काका त्याला तोंडावर म्हणाला, "पिन घालायला इसरलास, का इसरायचे पैसे मिळाले रं?" अण्णा एवढंच म्हणाला, "चुकलं माझं." मग काय, सगळ्यांचं ठरलं. आई त्याला घरात पाऊल ठेवायचं न्हाय म्हणून सांगितली. त्याच्या गॅरेजात गाड्या यायच्या बंद झाल्या.

प्लास्टर निघाल्यावर मी तुमच्या पान्यांचं कापड उलगडलो. दसऱ्यापासनं कुणी हात लावला नव्हता. आत वाळलेली झेंडूची फुलं, पाने, अन पान्यांच्या मधी ती पिन. तिला बी कुंकू लावलेलं.

मग सगळं डोळ्यापुढं आलं. खंडे नवमी हाय, मी लहान हाय, पाटावरचा पाना उचलतो अन तुमी हातावर चापट मारता. "ठेव. वर्सभर राबत्यात, आज त्यास्नी सुट्टी." तुमच्या माघारी आई ती रीत मोडलेली न्हाय. शर्यतीच्या आदल्या दिवशी बी खंडे नवमीच, अण्णा आपल्या दारात गाडीचं काम सोडून चहा प्यायला उठलेला, अन आई गाडीखालचं सगळं गोळा करून पाटावर मांडली.

मी लंगडत गॅरेजात गेलो. पिन त्याच्या हातात ठेवलो. कुंकू बघून तो मला स्टूल दिला अन सांगायला लागला.

"मी परत आलो तर पूजा झालती. पिन बी पूजेत, गॅरेजातले माझे पाने बी पूजेत. हातानं नट आवळलो, म्हटलो सकाळी बघू. सकाळी आलो तर तू गाडी घेऊन गेलतास."

"म्हणून फोन?"

"उचललास तर शपथ."

"मग सांगितला का न्हाईस?"

"वैनीला काय सांगू? तुमच्याच हातानं तुमचं पोरगं मरत होतं म्हणू?"

मी चहाच्या टपरीवर गेलो. चार माणसांत मी कधी तोंड उघडलेलं न्हाय, तुमाला ठाऊक हाय. काकाच्या समोर म्हणालो, नटाची चूक माझी, सकाळी मी न बघता गाडी काढलो, अण्णाला काय बोलू नका. आईला बी तेवढंच सांगितलो. ती पान्यांच्या कापडाकडं बघत राहिली, मग म्हणाली, "त्याला जेवायलाच बोलव." आईला कळलंय असा मला संशय हाय. इचारणार न्हाय.

काल अण्णा आला, नवा नट, नवी पिन घातला. पाने पुसून कापडात ठेवला. हे मी कुणाला दाखवणार न्हाय, तुमाला तर कसं धाडणार, म्हणून खरं लिवतो. तो गल्लीच्या तोंडाला वळल्यावर मी गाडीखाली शिरलो अन पाना लावून बघितलो. घट्ट होता.

अन आप्पा, तुमच्या वेळंला पहाटेच तेवढं यायचं, आपल्या नळाला आता दिवसभर पाणी असतंय. आई अजून पहाटे उठून घागरी भरत्या.