बंदराच्या गाडीतली बियाण्याची वाघीण

मी, रेल्वेच्या मालधक्क्यावरचा निवृत्त मार्कर, वय वर्षे एकोणऐंशी, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणीही कान फुंकलेले नसताना, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहीत आहे. आधीचं मृत्युपत्र रागाच्या भरात लिहिलं होतं, ते रद्द समजावं.

१. राहतं घर, खाली दोन खोल्या व वर एक, माझ्या एकुलत्या एक मुलीला. वरच्या खिडकीतून पूर्वी चौदा रूळ दिसत. आता मोटारी लावायचं मैदान दिसतं. तरी खिडकी बुजवू नये.

२. बँकेतली ठेव मुलगी व जावई यांना निम्मी-निम्मी. जावई कंटेनरच्या आगारात क्रेन चालवतात. लग्न ठरताना म्हणाले होते, तुमच्या शंभर हमालांचं काम मी बसल्या जागी करतो. खरं आहे. पण पेटीत काय आहे ते त्यांना कधीच कळत नाही. आम्हाला मालगाडीच्या डब्याचं, म्हणजे वाघिणीचं, दार उघडण्याआधी वासावरून कळायचं, कांदा की कातडी की ओलं लाकूड. हमाल ओझं उचलताना एकमेकांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि दुपारी एका डब्यात जेवायचे. त्या गलक्याची मला फार आठवण येते. जावयांनी हे मनाला लावून घेऊ नये.

३. हातकंदील व शिटी नातीला. ज्या साहेबाने गार्डाचे डबे भंगारात काढले, तो माझ्या अंत्ययात्रेला आल्यास हाकलू नये, पण खुर्चीही देऊ नये.

४. आता जे लिहायला सेहेचाळीस वर्षं लागली ते. वाघिणीवर कुठे जायचं त्याचं लेबल लावणं माझं काम. माझा जोडीदार सांधेवाला ते लेबल मोठ्याने वाचायचा, मगच रुळांचा सांधा फिरवून वाघीण त्या-त्या गाडीकडे सोडायचा. एकदा मी बियाण्याच्या बटाट्यांवर बंदराचं लेबल लावलं आणि बंदराच्या सिमेंटवर बटाट्यांचं. गाडी जोडून झाल्यावर चूक लक्षात आली. सांगितलं असतं तर सगळी गाडी तोडून पुन्हा जोडावी लागली असती. माझी हिंमत झाली नाही. मी गुपचूप लेबलांची अदलाबदल केली. आता लेबल बरोबर आणि वाघीण चुकीच्या गाडीत, म्हणजे दोष सांधेवाल्याचा. बियाणं बंदरावर सडलं. चौकशीत सांधेवाला एवढंच म्हणाला, "नजरचूक झाली असेल." त्याची नोकरी गेली.

तो ट्रकवर लागला. पुढे मालच रुळांवरून रस्त्यावर गेला, तेव्हा लोक म्हणाले, त्याचं भलंच झालं. मीही हो ला हो केलं. प्रत्यक्षात पंचवीस वर्षं ट्रक चालवून त्याची कंबर गेली. तो आजही रोज संध्याकाळी माझ्याकडे येतो, आणि हे कळलं तर येणार नाही, या भीतीने मी गप्प बसलो. चूक माझी होती, त्याची नव्हती. मुलीने हे कलम खात्याला कळवावं आणि त्याच्या नावावरचा डाग काढून घ्यावा.

५. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही, असं वकील म्हणतात. म्हणूनच मी सांधेवाल्याला साक्षीला बोलावलं होतं. पण वरचं लिहून झाल्यावर वाटतं, माझ्या माघारी कळण्यात काय अर्थ? कागद उघडा त्याच्यासमोर ठेवून, सह्या झाल्या की मी चहा टाकायला आत जाईन. वाचायचं की नाही ते त्याचं त्याने ठरवावं.

ठिकाण: राहतं घर, मालधक्क्यामागची गल्ली.
दिनांक: चौदा मार्च, संध्याकाळ.

लिहून देणार: मार्कर (सही)

साक्षीदार: १. शेजारचे शिंपी (सही)
२. सांधेवाला (सही)

सहीखाली साक्षीदार क्रमांक दोनच्या अक्षरात:

वाचलं. मी लेबल मोठ्याने वाचूनच सांधा फिरवला होता, मला कळणार नाही होय? तुझी पोर तेव्हा आठ दिवसांची होती आणि माझ्यामागे कोणी नव्हतं. खात्याला काही कळवू नका. उद्या येतो.