बांधाखालची घूस

तीर्थरूप शंकरमामा,

निमोण्याहून विश्वजीतचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामींनी करून दिलेलं तेल चोळता, की उशाशी ठेवून नुसतं त्याच्याकडं बघता? इकडं सगळे खुशाल. आईचा (म्हणजे तुमच्या साळूचा) आवाज अजून ओढ्यापलीकडं ऐकू जातो, त्यावरून तिची तब्येत समजून घ्या. फोन न करता पत्र लिहितोय म्हणून रागावू नका. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून मी ओरडतो, मी ओरडलो की तुम्ही ओरडता, आणि मागच्या खेपेला आमची म्हैस व्याल्याचं सांगितलं, तर तुम्ही पाटसहून सविताला बाळंतविडा पाठवलात. (डिंकाचे लाडू मी खाल्ले. छान होते.)

तर गेल्या गुरुवारी आम्ही शिकार केली. दचकू नका. सशाला, हरणाला हात लावायची सोय नाही, फॉरेस्टवाले उचलून नेतील. बिबट्याचं म्हणाल तर तोच आमच्यावर टपलेला असतो, म्हणून ऊन चांगलं वर आल्याशिवाय आम्ही घराबाहेर पडलोच नाही. शिकार होती घुशींची. ओढ्याकडेच्या तुकड्यात अर्धा एकर भुईमूग केलाय. वरून पाला असा हिरवागार की वाटेनं जाणारा थांबून बघतो, आणि डहाळा उपटला की खाली नुसती टरफलं. औषधाच्या गोळ्या ठेवल्या. त्या घुशींनी हुंगून सोडल्या आणि आमच्या दोन कोंबड्यांनी खाल्ल्या.

शेवटी शिरूरहून बन्यामीन मास्तरांना बोलावलं. हे मला शाळेत गणित शिकवायचे. आता रिटायर होऊन पेरूच्या बागेत छऱ्याच्या बंदुकीनं राघू हाकलत बसतात (राघू त्यांना ओळखतात, म्हणून उडत नाहीत). मास्तर स्कूटरवर आले, डोक्याला टोपी, पाठीला बंदूक, हँडलला लिडियाबाईंनी दिलेला डबा. काम सुरू करायच्या आधी त्यांनी डोळे मिटून प्रार्थना केली. प्रार्थना जरा लांबली आणि तेवढ्यात आमच्या टिप्या कुत्र्यानं त्यांच्या डब्यातली दोन्ही अंडी संपवली. मास्तरांनी डोळे उघडले, टिप्याकडं बघितलं, आणि परत मिटून आणखी थोडी प्रार्थना केली. बहुधा क्षमेची असावी.

बिळं आहेत ती ओढ्याच्या बाभळबनात, बरोबर माझ्या आणि थोरल्या जयसिंगदादाच्या बांधावर. आता दादाचं तुम्हाला काय सांगायचं? वादळात बांधावरची बाभळ पडली, तिचं लाकूड मी भरून आणलं, दादा म्हणाला बाभळ माझ्या बाजूची होती, आणि तेव्हापासून सहा वर्षं बोलणं बंद. काही सांगायचंच झालं तर आई मधे उभी राहते. 'त्याला म्हणावं, आज पाण्याची पाळी माझी हाय,' असं दादा म्हणतो. मी पाच हातांवरच उभा असतो, पण आईनं तेच परत म्हटल्याशिवाय मला ऐकू येत नाही. त्यालाही येत नाही. (तुमचं ऐकू न येणं निराळं, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.)

माझ्या बाजूला नऊ बिळं सापडली. मास्तरांनी हिशेब मांडला: आठ बुजवायची, नवव्यात धूर सोडायचा, म्हणजे घूस जाणार कुठं? सविताची सक्त ताकीद होती की मिरच्या दोनच टाका. मी ओंजळभर टाकल्या. गोवऱ्या पेटवल्या, तोंडाला टॉवेल बांधला आणि सुपानं वारा घालायला लागलो. मास्तर बंदूक रोखून बसले. दहा मिनिटं झाली, धूर आत जातोय, बाहेर काही येत नाही. घूस नाही, धूर नाही. मास्तर म्हणाले, "विश्वजीत, धूर कुठंतरी निघायलाच पाहिजे." तो निघाला होता. बांधापलीकडं, दादाच्या कडब्याच्या गंजीखालून.

मामा, मे महिना, वारा सुटलेला, आणि वर्षाच्या वैरणीची गंज. घरातून दादा जो पळत आला तो एका पायात चप्पल आणि अंगात नुसती बंडी. मागून वहिनी हंडा घेऊन. दादानं बांधावर मला बघितलं आणि ओरडला, "विश्वा, बघत काय ऱ्हायलास? बादली आन!"

आई शेजारच्या गावी गेली होती. मधे कुणी नव्हतं. तरी मला ऐकू आलं.

मी बादली घेऊन पळालो. चार खेपा आम्ही पळत होतो, दादा भरून देतोय, मी ओततोय, आणि मला पक्कं माहीत की आग नाहीच, धूर माझाच आहे. पण सांगावं कसं? सहा वर्षांनी तो माझ्याशी बोलत होता. पाचव्या खेपेला त्याला ठसका लागला आणि तो थांबला. "इस्त्याच्या धुरात मिरची कशी काय रं?" म्हणाला. आता माझी काही धडगत नाही असं वाटलं, तेवढ्यात भिजलेल्या गंजीखालून मांजराएवढी घूस बाहेर आली, तिच्यामागं दुसरी, तिसरी.

"तिकडनं गेली, धर!"

"दादा, पायाखाली!"

पुढची पाच मिनिटं काय झालं ते नीट सांगता येणार नाही. टिप्या वहिनींच्या मागं लपला. मास्तरांनी एकच बार काढला, तो खाली ठेवलेल्या दादाच्या बादलीला लागला. तीन घुशी काठीनं गेल्या. मोठीच्या डोक्यात काठी आधी माझी बसली (दादाचं मत वेगळं आहे). मग आम्ही दोघांनी मिळून बीळ खणलं. ते बांधाखालून आरपार गेलेलं आणि मधोमध घुशींची कोठी, पाटीभर शेंगा, माझ्या भुईमुगाच्या आणि त्याच्या भुईमुगाच्या, सगळ्या एकत्र. मी म्हणालो, "ह्या कशा वाटायच्या?" दादानं मूठभर शेंगा उचलल्या, परत खाली टाकल्या आणि म्हणाला, "आपल्या न्हाईत ह्या. घुशींच्या हाईत." आणि हसायला लागला. मामा, त्याचा पुढचा दात पडलाय. मला माहीतच नव्हतं.

वहिनींनी चहा आणला. तीन कप होते, माझा धरून. एवढंच सांगायला पत्र लिहिलं, बाकी काही काम नाही. मामींना नमस्कार.

तुमचा,
विश्वजीत

ता. क. काम तसं एक आहे. दादाच्या मोनालीचं लग्न येत्या तीस तारखेला आहे. सगळ्या गावाला पत्रिका गेल्या, आमच्याकडं आलेली नाही. पोरीला मी खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय. तुम्ही दादाला एक शब्द टाका. पण मी सांगितलं असं सांगू नका, आणि फोनवर तर अजिबात टाकू नका.

आणखी ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच दादा आला. पत्रिका हातात दिली आणि म्हणाला, "महिना झाला छापून. आईच्या हाती धाडावी का न्हाई, ह्यातच दिस गेलं." निमंत्रकांत त्याच्या नावाखाली 'काका' म्हणून माझं नाव छापलंय. विश्वजीतचं 'विश्वजित' केलंय, जी ऱ्हस्व. मला लगेच दिसलं. सविता माझ्या तोंडाकडं बघत होती. मी म्हणालो, "दादा, एक नंबर छापलीय," आणि त्याला बसायला खुर्ची दिली. तेव्हा वरचं काम रद्द समजा, आणि लग्नाला दोन दिवस आधी या.