हलकी बंदूक

नोएडा, रविवार, मार्च १९९८

निखिल लष्करातून रजेवर आला. मी इतकी खूश, की पुरणात वेलची दोनदा घातली गेली. जेवताना त्याला विचारलं, "फोटोतली तुझी बंदूक आजोबांच्या फौजेतल्या जुन्या एसएलआर बंदुकीसारखीच दिसते, मग बदलली कशाला?"

"आजी, दिसायला बहिणी-बहिणी. पण ही इन्सास हलकी आहे."

"हलकी? सरकारनं माझ्या नातवाला हलकी वस्तू दिली?"

"वजनाला गं! यार, तू पण ना!"

दोघंही हसलो. मग म्हणाला, गोळीपण हलकी. जुनीनं माणूस जागेवर मरायचा. नव्या गोळीनं नुसता जखमी होतो, त्याला उचलायला आणखी दोघं अडकतात. एका गोळीत तिघं गेले कामातून. बिल्कुल डोकं लावलंय म्हणे.

पोळीवर तूप घेत असं बोलायला कुणी शिकवलं याला? हलकीच ती, हलक्या मनाची. जुनी निदान सरळ मारायची. पण म्हणून ती काय चांगली होती? कळत नाही बाई.

मंगळवारी परत काश्मीरला जायचाय. शेवटी विचारलंच, "समोरच्यांकडे कुठली असते रे?"

"त्यांची जड," म्हणाला, आणि अजून एक पोळी मागितली. वाढली.