गारेगारात मीठ नको

जया,

फ्रीजरमधले सगळे गारेगार मी मोरीत टाकले. निम्मे तर गोठलेच नव्हते. सकाळी आईने एक तोंडात धरलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. किरणांच्या उपचाराने तिचं तोंड आतून सोललंय, आणि शहाण्या, तू रसात मीठ घातलंस! गार काही चोखण्याशिवाय सध्या तिला दुसरं काही खाता येत नाही.

"पॉटच्या आइस्क्रीमला आपण मीठ घालायचो न्हवं का?" असं तू म्हणशील. घालायचो, पण भांड्याभोवतीच्या बर्फात. रसात घातलं की रसाचाच गोठणबिंदू खाली जातो. दहावीला हे मी तुला शिकवलं होतं.

आता कलिंगडाचा रस गाळून साचे पुन्हा भरलेत. त्यात लिंबू नको, चाट मसाला नको. डोकं अजिबात चालवू नकोस आणि सारखं दार उघडून बघूही नकोस.

मी तिचे रिपोर्ट आणायला मिरजेला चाललेय. तुला पाठवलं असतं, पण तू दवाखान्याच्या फाटकातूनच परत फिरतोस. सीमेवर रात्री काढणारा माणूस, तुला काय म्हणावं!

दुपारी आई उठली की साचा क्षणभर पाण्यात बुडवून गारेगार सोडव. तिच्या हातात देऊन अंगणात पळू नकोस, तिचा हात थरथरतो. संपेपर्यंत काडी तू धर. तिच्या तोंडाकडे बघवत नसेल तर काडीकडे बघ, पण तिथून उठू नकोस.

ताई