दहा मिनिटं पुढे

मंगळवार, संध्याकाळ. सिंधीपुरा.

जिंकले! तीन दिवस शाळेच्या ऑफिसात ऐकत होते, "नव्या मॅडमला पोर्टल जमत नाही." दहावीच्या फॉर्मांचा आज शेवटचा दिवस, आणि आत जायचा सहा आकडी कोड दर वेळी चुकीचा. मलाही वाटायला लागलं, खरंच मला जमत नाही की काय?

दुपारी सहज मोबाईल पाहिला: तीन चाळीस. कॉम्प्युटरवर तीन पन्नास. दहा मिनिटं! मास्तर लोक वेळेवर यावेत म्हणून हेडक्लार्क पाटीलबाबू शाळेतली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे ठेवतात. शनिवारी त्यांनी कॉम्प्युटरही पुढे केलेला. आणि कोड बनतो कॉम्प्युटरवरच्याच ॲपमध्ये, त्याच घड्याळावरून, दर अर्ध्या मिनिटाला नवा. म्हणजे दहा मिनिटांनंतरचा कोड मी आधीच टाकत होते!

वेळ मागे घेतली. पहिल्याच झटक्यात पोर्टल उघडलं, सगळे फॉर्म गेले. पाटीलबाबू म्हणाले, "अरे, ते तर मीच केलं होतं, सगळ्यांच्या भल्यासाठी." माफी नाही. नको.

पण सुटायच्या वेळी भिंतीवरचं घड्याळ समोर असताना ते माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, सही टाइम काय झाला?"

मी सेकंदासकट सांगितला.